चार नंबरच्या सिस्टरचं समाधान

आमच्या वॉर्डामागे एक खोली होती. तिला खोली म्हणणं म्हणजे उगीच तिचा मान वाढवणं. आत आम्हा नर्सेसची लोखंडी कपाटं, साड्या अडकवायला भिंतभर खिळे, चहासाठी उघड्या तारेचा एक हीटर आणि वॉर्डातून बाद झालेला एक पलंग. या पलंगाची डोक्याकडची बाजू एकदा वर गेली ती परत खाली आलीच नाही. त्यामुळे त्यावर टेकणाऱ्या धडधाकट बाईलाही दमेकऱ्यासारखं बसावं लागे. याच पलंगावर बसून मी माझ्या मुलीला पाजत असे, आणि ही खोली होती म्हणूनच माझी नोकरी टिकली होती.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. मी सांगलीकडची, मिरजेला नर्सिंग केलेलं. नवऱ्याची बँकेनं लखनौला बदली केली तशी मीही आले आणि एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात लागले. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मुलगी जेमतेम चार महिन्यांची होती. बाटली तोंडाला लावली की ती मान फिरवायची, थुंकायची आणि आमच्या अख्ख्या अलीगंज मोहल्ल्याला ऐकू जाईल असं रडायची. म्हणून सासूबाई सांगलीहून आल्या. रोज अकराच्या सुमाराला त्या तिला पदराखाली घेऊन सायकलरिक्षानं हॉस्पिटलात आणत. सासूबाईंना हिंदी येत नव्हतं, आणि आपल्याला ते येत नाही याचा त्यांना पत्ताही नव्हता. "अरे भैया, खड्डा बघून चालव की जरा, बाळ आहे मांडीवर!" असं त्या ठणकावत आणि रिक्षावाला "जी अम्मा" म्हणून वेग कमी करी.

अकरा वाजायला आले की माझ्या छातीला घड्याळ लागल्यासारखं दूध दाटायचं. इंजेक्शनं देताना ब्लाउज भिजू नये म्हणून मी आत गॉजच्या घड्या ठेवत असे. मग सासूबाई मागच्या दारानं यायच्या, मी पलंगावर बसायचे, आणि वॉर्डात कुणा पेशंटची घंटा वाजेपर्यंत जेवढं होईल तेवढं व्हायचं.

एक दिवस सुपरिंटेंडेंट साहेब ती खोली बघायला आले. साहेब डॉक्टर होते, अस्सल लखनवी, कोटाला कधी सुरकुती नाही आणि आवाज कधी चढलेला नाही. त्यांनी एखाद्याला नोकरीवरून काढलं असतं तरी त्या माणसानं त्यांचे आभार मानले असते. त्यांनी खिडकीतून कडुलिंबाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, कमरा तो बड़ा हवादार है। मरीज़ों के काम आ जाए, तो कैसा रहे?"

त्यांना तिथं टीव्ही-कूलरवाली डीलक्स रूम करायची होती. आमच्या इन्चार्ज सिस्टर, ज्यांना आम्ही सगळ्या दीदी म्हणत असू, हात जोडून म्हणाल्या, "जी, आपकी मेहरबानी।"

साहेब गेल्यावर मी भडकले. "दीदी, आपने हाँ कह दिया!"

"हाँ कब कहा, बेटा?" दीदी शांतपणे म्हणाल्या. "हमने तो मेहरबानी कहा।"

या शहरात अशा गोष्टींनी माझं डोकं फिरायचं. आमच्याकडे माणूस नाही म्हणाला की नाही, हो म्हणाला की हो. इथं मात्र आपलं घर जळत असलं तरी पाहुण्याला आधी सरबत विचारतात.

त्याच सुमाराला ट्रस्टच्या लोकांना काळजी पडली होती की आपल्या नर्सेस आखाती देशांत पळून चालल्यात. त्या का पळतात हे आम्हाला विचारलं असतं तर आम्ही चहा पिता पिता सांगितलं असतं. पण त्यांनी त्यासाठी एक प्रोफेसर मॅडम बोलावल्या. मॅडम मानसशास्त्राच्या होत्या आणि माणसाचं समाधान मोजायच्या. साहेबांनी सभेत जाहीर केलं, "मैडम देखेंगी कि किस वार्ड में सिस्टरों को कितना आराम है। जहाँ आराम भरपूर हो, वहाँ से थोड़ा लेकर औरों को दे देंगे।" हे बोलताना ते आमच्याकडे बघून इतकं गोड हसले की खोली गेली हे मला तिथंच कळलं.

खोली गेली तर मी मुलीला कुठं पाजणार? वॉर्डात पेशंट, बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांचे नातेवाईक. नोकरी सोडावी लागली असती, आणि मला ती सोडायची नव्हती. मला माझं काम आवडायचं. हे मी त्या वेळी कुणाला बोलून दाखवत नसे, कारण बाई काम आवडतं म्हणाली की घरी काहीतरी बिघडलंय असं लोक समजत.

मॅडमनी फॉर्म वाटले तेव्हा माझी सुट्टी होती. तीन पानांचा फॉर्म, प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अगदी असमाधानी, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. मनमोकळं लिहिता यावं म्हणून वर नाव नव्हतं, फक्त नंबर. मॅडम दीदींना समजावून गेल्या की प्रत्येक सिस्टरनं फॉर्म भरावा आणि एकही पान रिकामं सोडू नये.

आता हॉस्पिटलात नंबर माणसाला नसतो, बेडला असतो. आणि बेडचा कागद कुणा एकीचा नसतो. सकाळची नर्स तिचं लिहिते, दुपारी ड्यूटी बदलते, तेव्हा येणारीला सगळं समजावून देते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. मग पुढचं पुढची लिहिते, आणि रात्रवाली उरलेलं पुरं करते. अर्धवट कागद पर्समध्ये घालून घरी नेणारीला दीदींनी जन्मभर माफ केलं नसतं. म्हणून दीदींनी ते फॉर्म पाटीला लावले, पाट्या पेशंटच्या तक्त्यांशेजारी खिळ्याला अडकवल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा म्हणाल्या, "बेटा, पहला पेज मॉर्निंग का, दूसरा ईवनिंग का, तीसरा नाइट वाली कर देगी।"

मला यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट दीदींनी कामाची छान वाटणी केली असंच वाटलं.

पहिलं पान कामाबद्दल होतं आणि ते माझ्या वाट्याला आलं. आदल्या दिवशी, माझ्या सुट्टीत, साहेबांनी टेप देऊन माणूस पाठवून खोली मोजून घेतल्याचं मला आल्या आल्या कळलं होतं, तेव्हा मी कोणत्या मनःस्थितीत असेन ते सांगायला नको. 'क्या आपके काम की क़द्र होती है?' एक. 'क्या आप सुबह ख़ुशी-ख़ुशी काम पर आती हैं?' एक. 'क्या आप स्वयं को मशीन जैसा अनुभव करती हैं?' याच्या शेजारी मी लिहिलं की मशीनला निदान तेल तरी घालतात. एक संपला की दुसरा असे आमच्या वॉर्डाचे सगळे फॉर्म मी त्याच झपाट्यात उरकले आणि पुष्कळ हलकी झाले.

दुसरं पान सहकारी आणि वरिष्ठांबद्दल. ते दुपारी आमच्या मल्याळी सिस्टरकडे गेलं. ती अतिशय हुशार होती आणि तिचे आखातात जायचे कागद निघाले होते, त्यामुळे तिला कुणाच्याही डोळ्यांवर यायचं नव्हतं. तिनं खालपासून वरपर्यंत सगळीकडे तीन केलं. "सिस्टर, बीच में डालो," ती मला म्हणाली, "बीच वाले को कोई नहीं पूछता।"

तिसरं पान झोप, तब्येत आणि विश्रांती. ते रात्रीच्या सिस्टरकडे. ती मलिहाबादची, घरी दशहरी आंब्याच्या बागा, आणि नुकतंच तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बघायला देखणा निघाल्यामुळे तिला त्या महिन्यात सगळं जगच देखणं दिसत होतं. तिनं सरसकट पाच ठोकले. विश्रांतीच्या खोलीच्या प्रश्नाला तर पाचाभोवती फूल काढलं, कारण पेशंट निजले की ती खोली तिची एकटीची असे.

सकाळी पाट्या चाळताना मी ते फूल बघितलं आणि कपाळावर हात मारला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बँकेतला माणूस, पंख्याखाली बसून शांतपणे म्हणाला, "पाच लिहिलं तर आराम जास्त झालाय म्हणून खोली काढून घेतील. एक लिहिलं असतं तर खोली कुचकामी आहे म्हणून काढून घेतली असती. त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?" त्या दिवशी त्याला मी वरण जरा जास्तच तिखट वाढलं.

फॉर्म गेले. पुढे रिपोर्ट आला आणि साहेबांनी तो सगळ्या सिस्टरांच्या सभेत स्वतः वाचून दाखवला. बाकीच्या वॉर्डांचं चटकन आटोपलं. मग साहेबांनी चष्मा पुसला आणि आवाज खाली आणला. महिला वॉर्डाच्या सिस्टरांमध्ये, ते म्हणाले, भावनांचा फार मोठा चढउतार आढळला आहे. त्या सुरुवातीला संतापलेल्या असतात, पुढे त्यांना कशाचंच काही वाटेनासं होतं आणि थोड्याच वेळात त्या अतिशय आनंदित होतात. मॅडमनी असं पूर्वी कुठं पाहिलेलं नाही. आणि हे वॉर्डातल्या एकूण एक सिस्टरला होतंय.

सर्जिकल वॉर्डच्या सिस्टरांनी खुर्च्या आमच्यापासून जरा लांब ओढल्या. आमच्या मल्याळी सिस्टरनं माझ्या कानाशी विचारलं, "किसको हुआ है?" मी म्हटलं, "पता नहीं। शायद दीदी को।"

पुढे साहेब वाचत होते की या बिचाऱ्यांना मनापासून समाधान देणारी एकच गोष्ट आहे, त्यांची विश्रांतीची खोली. ती जपली पाहिजे. साहेबांनी कागद मिटला आणि म्हणाले, "तो डीलक्स रूम की बात हम वापस लेते हैं। आप लोग बस ख़ुश रहिए।" त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर मलिहाबादच्या त्या नवरीला मिठीच मारली. त्या दिवशी घरी जाताना मला इतका आनंद झाला होता की मी हज़रतगंजच्या बाजारापर्यंत उगाच जाऊन मुलीसाठी न लागणारं एक टोपडं आणलं.

दुसऱ्या आठवड्यात सुतार आले. मग रंगारी. आमची कपाटं जिन्याखाली गेली, खिळे उपटले गेले, हीटर जप्त झाला आणि तो दमेकरी पलंग मागच्या अंगणात पावसाची वाट बघत उभा राहिला. खोलीत फिका हिरवा रंग, क्रीम कलरचा सोफा, धबधब्याचं भलंमोठं चित्र आणि कॅसेट लावायला टेपरेकॉर्डर आला. दारावर पाटी लागली, 'शांति कक्ष'. फीत कापायला प्रोफेसर मॅडम आल्या.

समोसे खाऊन झाल्यावर मॅडम दीदींना बाजूला घेऊन फार हळुवारपणे म्हणाल्या, "सिस्टर, मुझे चार नंबर से मिलना है। अकेले में। उनकी हालत सबसे नाज़ुक लगी।"

दीदींनी विचारलं, "चार नंबर? मॉर्निंग वाली, ईवनिंग वाली या नाइट वाली?"

मॅडमना कळेना. दीदींनी मग त्यांना नव्या शिकाऊ नर्सला सांगावं तसं समजावून सांगितलं, की पहिलं पान सकाळी होतं, दुसरं दुपारी, तिसरं रात्री, आणि आपण म्हणालात म्हणून एकही पान रिकामं राहू दिलं नाही. मी शेजारीच बशा गोळा करत उभी होते. मॅडमचा चेहरा मी आजही विसरले नाही. आधी लाल झाला, मग काही वेळ त्यावर काहीच दिसेना, आणि मग त्या जोरात हसत सुटल्या. म्हणजे थोड्या वेळात त्यांना तेच झालं जे आमच्या वॉर्डाला झालं होतं. शेवटी त्यांनी पर्स बंद केली, धबधब्याकडे बघितलं, "रिपोर्ट तो टाइप हो चुकी है," असं म्हणाल्या आणि आणखी एक समोसा घेतला.

पाहुणे गेल्यावर साहेबांच्या चपराश्यानं खोलीला कुलूप घातलं. सोफा खराब होऊ नये म्हणून चावी ऑफिसात राहणार होती. शनिवारी दुपारी थोडा वेळ खोली उघडणार, आम्ही चपला बाहेर काढून आत बसणार आणि वाहत्या पाण्याची कॅसेट ऐकून शांत होणार. आम्ही एकदा ती ऐकली. सकाळपासून बाथरूमला जायला फुरसत न मिळालेल्या बायकांना झुळझुळ पाण्याचा आवाज ऐकवला तर त्या शांत होत नाहीत.

आणि मी त्या हिरव्या दाराबाहेर मुलीला घेऊन उभी राहिले. चपराशी म्हणाला, "शनिवार को आइए।" माझा ब्लाउज भिजला होता, मुलगी पदर ओढत होती. शेवटी आम्ही चादरींच्या कोठारात गेलो. खिडकी नाही, पंखा नाही, जून महिना. मुलगी घामानं निथळली, दोन घोट प्यायची आणि तोंड सोडून रडायची. घंटा वाजली की मी तिला तशीच अर्धपोटी सासूबाईंकडे देऊन पळायचे. काही दिवस असेच गेले. सासूबाईंनी सुरुवातीला दम धरला, मग एक दिवस चादरींचा ढीग हातानं बाजूला लोटून म्हणाल्या, "माझी नात काय धोब्याकडून आलीये? इथं ठेवायला?"

मुलगी वजनानं उतरायला लागली होती. मला ते हातात घेतल्यावर कळायचं, त्याला वजनकाटा लागत नव्हता. मी दीदींना सांगितलं की मी महिनाअखेर नोकरी सोडते. दीदी बराच वेळ पट्टी गुंडाळत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ग्यारह बजे साहब राउंड पर होते हैं, बेटा। उनके कमरे में कूलर है।"

एवढंच. यापेक्षा जास्त बोलणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई, मी आणि मुलगी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. चपराशी "अरे, अरे" करत होता. सासूबाईंनी त्याला बाहेर काढलं, दार लोटलं आणि स्वतः बाहेर स्टूल घेऊन बसल्या. साहेबांच्या सोफ्यावर, कूलरच्या गार वाऱ्यात मुलगी अशी प्यायला लागली की तिच्या घोटांचा आवाज मला ऐकू येत होता. राउंड संपवून साहेब आले.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "बाळ पितंय."

साहेबांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते थांबले. बाईमाणूस आत आहे म्हटल्यावर त्या माणसानं आपल्याच दारावर टकटकसुद्धा केली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवसापासून फाइली कॉरिडॉरमध्ये येऊ लागल्या आणि साहेब औषधांच्या ट्रॉलीवर सह्या करू लागले. मग मल्याळी सिस्टरही ड्यूटीआधी साडी बदलायला तिथंच यायला लागली, कारण जिन्याखाली तिनं कपडे बदलावेत अशी कुणाची अपेक्षा होती देव जाणे. दुपारी निघताना मी तिला रीतसर ओव्हर दिलं, "बेबी फेड, सोफा ड्राय, कूलर में पानी भरा है। साहब बाहर, स्टेबल।"

एक दिवस दाराच्या फटीतून साहेबांचा आवाज आला. "सिस्टर, एक बात पूछूँ, बुरा न मानिएगा। इतना अच्छा कमरा आप ही लोगों के लिए बनवाया। बिटिया को वहाँ क्यों नहीं ले जातीं?"

मी कितीतरी टोचणारी उत्तरं पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "चाबी आपके पास है, सर।"

मग ते म्हणाले, "तो अब तक... कहाँ पिलाती थीं?"

"चादरों की कोठरी में। पेट नहीं भरता था इसका।" हे सांगताना मी रडायला लागले. इतके दिवस मला राग आलाय असं मी समजत होते. तो राग नव्हता, मी घाबरले होते.

पावलं दूर गेली आणि थोड्या वेळानं परत आली. चपराश्याला न पाठवता साहेब स्वतः चावी घेऊन आले होते. आत यायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी ती घेतली, पदराच्या टोकाला पक्की गाठ मारून बांधली आणि त्यांच्याकडे बघत ठणठणीत मराठीत म्हणाल्या, "ही आता परत मागायची नाही. आलं का लक्षात?"

"जी, बहुत-बहुत शुक्रिया," साहेब झुकून म्हणाले.

वॉर्डातली घंटा वाजत होती. दीदी जाऊन बघतील हे मला माहीत होतं. मुलगी डोळे मिटून पीत होती, आणि तिचं पोट भरेपर्यंत मी साहेबांच्या सोफ्यावरून उठले नाही.